फळी मोडू नका, आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची कोअर बघा

भाऊ, तुम्ही लिहिलं आहे की जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून फळीवर ईएल८४ या एकाच आउटपुट व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प उभा केला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) इथेच नागपुरात नवीन वाइंड करून घेतला, आणि हळू वाजवलं तर आवाज गोड, पण वाढवला की जाडी तार फाटते आणि बाकी सगळं पातळ होतं. कपलिंग कॅपॅसिटर बदलून झाले, फिल्टर वाढवून झाले. आता ही पसरट वायरिंगच दोषी म्हणून सगळं मोडून पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) बांधायचं आणि रशियन व्हॉल्व्ह मागवायचे असं ठरवून राहिले. दोन्ही थांबवा. हेच दुखणं मी भोगलं आहे, आणि ते ना फळीत होतं ना व्हॉल्व्हमध्ये.

सिंगल-एंडेड, म्हणजे आउटपुटला एकटाच असलेल्या, ईएल८४ ला २५० व्होल्टवर साधारण ४८ मिलिअँपिअर करंट सतत ओढावा लागतो. गिटार वाजो न वाजो, हा डीसी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून, जातच राहतो. म्हणून कोअरमध्ये हवेची फट लागते: कोअरच्या लोखंडी पट्ट्या (स्टॅम्पिंग) इंग्रजी ई आणि आय आकाराच्या असतात, त्यातले सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने, मध्ये कागद. मेनच्या ट्रान्सफॉर्मरसारखं एक स्टॅम्पिंग इकडून, एक तिकडून असं भरलं की फट राहत नाही, कोअर डीसीनेच भरून जाते आणि इंडक्टन्स (खालचे सूर पेलण्याची वाइंडिंगची क्षमता, हेन्रीत मोजतात) कोसळतो. जाड्या ई तारेचा सूर ८२ हर्ट्झचा. ५ किलोओहमच्या लोडवर तिथपर्यंत नीट उतरायचं तर निदान १० हेन्री हवेत. ते नसले की खालचे सूर आधी जातात, आणि जोरात वाजवलं की फाटतात. तुम्ही वर्णन केलं ते नेमकं हेच आहे.

माझा ट्रान्सफॉर्मर शहरातल्या एका वाइंडिंगवाल्याने बांधला. नाव घेत नाही, दुकान अजून चालू आहे. मी कागदावर आकृती काढून दिली होती, ई कुठून, आय कुठून, मध्ये लेदरॉइडचा कागद, सगळं लिहून. त्याने आकृतीकडे पाहिलं आणि म्हणाला, आम्ही स्टॅबिलायझरचे करतो, इन्व्हर्टरचे करतो, फट ठेवली तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. मेनच्या ट्रान्सफॉर्मरसाठी ते खरंच आहे, म्हणून त्याला समजावणं आणखी अवघड गेलं. मी 'फट पाहिजेच' म्हणून निघालो. त्याने नेहमीसारखा भरला, वार्निशमध्ये बुडवला, वर पत्र्याचं कव्हर ठोकलं आणि तांब्याच्या वजनावर बिल लावलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मीटर लावला तर दोन्ही वाइंडिंगचा ओहम बरोबर, टर्न्सचं गुणोत्तरही बरोबर. फट आहे की नाही हे ओहम सांगत नाही.

त्यानंतर अख्खा पावसाळा मी बाकीचा ॲम्प बदलत बसलो. परत गेलो की दुकानात एकच उत्तर, 'तुमच्या व्हॉल्व्हमध्ये खोट आहे.' उघडून दाखवायला तयार नाही, पैसे परत नाहीत, नवीन हवा तर पुन्हा पूर्ण बिल. या माणसाचा राग मला अजून आहे. चूक कुणाच्याही हातून होते, पण लिहून दिलेलं न वाचता गिऱ्हाइकालाच खोटं पाडायचं, याला मी कारागिरी म्हणत नाही. शेवटी भंगारातल्या एका मर्फी रेडिओचा बारका आउटपुट ट्रान्सफॉर्मर निव्वळ ताडून बघायला म्हणून जोडला, आणि मुठीत मावेल एवढ्या त्या लोखंडातून माझ्या अर्ध्या विटेएवढ्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा जास्त भरीव बेस आला. तिथे सगळा उलगडा झाला.

तर तुम्ही आधी हीच परीक्षा करा. ज्या रेडिओतून ईएल८४ काढला त्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर फेकला नसेल अशी आशा आहे. तो जोडा आणि जाडी तार वाजवा. मग नव्या ट्रान्सफॉर्मरचं कव्हर काढून कोअरची कड बघा. सांधे थराआड थर दोन्ही बाजूंना दिसले तर फट नाही. एकाच बाजूने सरळ रेघ आणि त्यात कागदाची कड दिसली तर आहे. वार्निश कच्चं असेल तर स्टॅम्पिंग निघतात. निघाले तर सगळे ई एकीकडून भरा, आय दुसरीकडून, मध्ये वहीच्या साध्या कागदाची एक घडी न घालता पट्टी ठेवून सुरुवात करा आणि क्लॅम्प घट्ट आवळा, सैल राहिला तर कोअरच गुणगुणते. कागद वाढवत जाऊ नका, फट जास्त झाली तरी इंडक्टन्स कमीच होतो. गुणोत्तर बघायचं असेल तर एलिमिनेटरच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट एसी प्रायमरीला द्या, ५ के ते ८ ओहम असेल तर सेकंडरीला १ व्होल्टच्या किंचित खाली यायला हवेत. उलट बाजूने, म्हणजे सेकंडरीला देऊन, हा प्रयोग कधीच करू नका, प्रायमरीवर जीवघेणा व्होल्टेज येतो.

आता फळीबद्दल. माझं मत ठाम आहे, हाय-फाय करणाऱ्यांना पटणार नाही: टोन शोधायचा असेल तर ॲम्प पसरटच हवा. पीसीबीवर एकदा बसलेला कॅपॅसिटर माणूस आळसाने बदलत नाही. टॅग स्ट्रिपवर (सोल्डर करायच्या टोकांच्या पट्टीवर) टांगलेला दोन मिनिटांत बदलतो आणि लगेच गिटार हातात घेतो. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये जो ॲम्प तयार झाला तो फेंडर कंपनीच्या बासमन या अमेरिकन ॲम्पचीच नक्कल होता. पण पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ आला, लोखंड आणि स्पीकर विलायती आले, आणि आवाज वेगळाच निघाला. मिळेल ते लावून, कान लावून बघणं ही या कामाची जुनी रीत आहे.

फक्त एका वेळी एकच वस्तू बदला. मला सर्वात जास्त फरक गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या पहिल्या ईसीसी८३ च्या कॅथोडला जाणवला. १.५ के चा रेझिस्टन्स आणि २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला की खालून वरपर्यंत सगळं भरून येतं. २.७ के आणि ०.६८ केलं की खालचा गाळ जातो आणि डिस्टॉर्शन दाट पण स्वच्छ वाटतं. कपलिंगला पुढे ४७० के चा रेझिस्टन्स असताना ०.००४७ मायक्रोफॅरड लावला तर कट सुमारे ७२ हर्ट्झवर पडतो, त्याखालचे सूर कमी होतात, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर मला हेच आवडतं. फिल्टर कॅपॅसिटर मात्र वाटेल तेवढा वाढवू नका. ईझेड८० किंवा ईझेड८१ रेक्टिफायर असेल तर पहिल्या कॅपॅसिटरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. तुम्ही 'फिल्टर वाढवले' लिहिलं म्हणून सांगतो. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा मागे देणं) सध्या सोडून द्या.

पसारा चालत नाही अशा जागा तीनच आहेत आणि तिथे मी हट्टी आहे. इनपुटची वायर शिल्डेड आणि आखूड, ६८ के चा रेझिस्टन्स थेट व्हॉल्व्हच्या पिनेवर. हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) दोन्ही वायरी पिळून, बाकी सगळ्यांपासून दूर, आणि सेंटर टॅप नसेल तर दोन १०० ओहमनी कृत्रिम मध्य करून तो ग्राउंडला. आणि ग्राउंड एका बिंदूवर, इनपुटच्या बाजूला. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर हीटर किंवा वायरिंग बघा, १०० ची असेल तर फिल्टर. चालू ॲम्पमधली वायर हलवून बघायची असेल तर कोरड्या बांबूच्या काडीने, बोटाने नाही, आणि दुसरा हात पाठीमागे.

गुणगुणीवरून आठवलं. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता ॲम्पची परीक्षा घेऊ नका. आपल्याकडे घरोघरी कूलर, त्यांचे पंप आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चालू असतात, सिंगल कॉइल पिकअप ते सगळं ओढून घेतं आणि माणूस दोष स्वतःच्या सर्किटमध्ये शोधत बसतो. रेग्युलेटर पूर्ण बंद करून किंवा पूर्ण वाढवून बघा. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यात पाणी टाका. आणि गुणगुण जाते म्हणून अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. गिटारच्या तारा चासिसला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर असतो.

एक फार महत्त्वाचं, जे तुमच्या प्रश्नात नाही. आपल्या इतवारी बाजारात किंवा कुठल्याही भंगारवाल्याकडे पुढचा रेडिओ घ्याल तर व्हॉल्व्हची नावं आधी वाचा. यूएल८४, यूसीएल८२ अशी 'यू'ने सुरू होणारी असतील तर त्या सेटला बहुतेक मेन ट्रान्सफॉर्मर नसतोच, चासिस थेट लाइनवर असतं. त्यातून गिटार ॲम्प करू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. ईएल८४, ईसीएल८२, ईझेड८० वाले सेट घ्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ सापडले तर सोडू नका, माझ्या मते रशियन मागवण्याआधी ते लावून बघावेत.

चासिससाठी कूलरचा पत्रा वाकवणारे कारागीर आपल्या गावात भरपूर आहेत आणि हात साफ असतो त्यांचा. पण ते जीआय पत्रा देतील. थोडे पैसे जास्त देऊन ॲल्युमिनियमची शीट आणून द्या, मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी पत्र्यातून पसरतं.

स्पीकरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. ऑर्केस्ट्राच्या ट्वीटरवाल्या बॉक्सवर वाजवत असाल तर कुठलाही व्हॉल्व्ह ॲम्प माशी भणभणल्यासारखा वाटेल. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ गप्प होतो, आणि डिस्टॉर्शन कानाला गोड लागतं ते त्यामुळे. बारा इंची, ट्वीटर नसलेला, उघड्या पाठीच्या पेटीत लावून बघा. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नका.

मी इंजिनिअर नाही, हे सगळं हाताने केलेलं आणि वाचलेलं आहे. २५० व्होल्ट डीसी माफ करत नाही. बंद केल्यावरही फिल्टर भरलेला राहतो, त्यावर २२० के २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा लावा आणि तरी मीटरने बघूनच हात घाला. कुठलाही बदल केला की पहिल्यांदा सिरीज बोर्डवर ६० वॉटच्या बल्बमधूनच चालू करा.

ट्रान्सफॉर्मर उघडल्यावर कोअरच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. सोबत तीन आकडे द्या: ईएल८४ च्या प्लेटचा व्होल्टेज, कॅथोडचा व्होल्टेज आणि कॅथोड रेझिस्टन्सची किंमत. १३५ ओहम असेल तर ७ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. हीटरचा व्होल्टेज रात्री अकरानंतर मोजा, तेव्हा लाइन चढते. ६.९ च्या वर जात असेल तर मेन ट्रान्सफॉर्मरचं वरचं टॅपिंग घ्या. आणि फट असलेला ट्रान्सफॉर्मर नव्याने बांधून घ्यायची वेळ आली तर वार्निशमध्ये बुडवण्याआधी दुकानात उभं राहून कोअर स्वतः बघा, मग पैसे द्या.