फॅन्डमला मराठीत काय म्हणावं?

नेरुळला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती बीटीएस या कोरियन गायकांची चाहती. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ती आपल्या ऑनलाइन मैत्रिणींवर लेख लिहिते आहे आणि तिची गाडी एका शब्दापाशी अडली आहे. ‘फॅन्डम’साठी ज्याला विचारावं तो ‘चाहतावर्ग’ सांगतो आणि ते तिला पटत नाही. तिचं म्हणणं असं, की आम्ही सगळ्या त्या सात जणांच्या चाहत्या आहोत हे खरं, पण मग आम्ही एकमेकींच्या कोण? तिची आई त्यांना ‘फोनमधल्या मुली’ म्हणते. शिवाय या मुली मिळून पैसे गोळा करतात, मदत पाठवतात. त्याला ‘चळवळ’ म्हटलेलं चालेल का, हेही तिनं विचारलंय. ‘मला अगं-तुगंच करा’ असं तिनं शेवटी लिहिलंय, म्हणून तसंच करते.

‘चाहतावर्ग’ तुला खटकला, ते अगदी बरोबर आहे. ग्राहकवर्ग, वाचकवर्ग, कर्मचारीवर्ग हे सगळे शब्द बाहेरून मोजणाऱ्याचे आहेत. दुकानदाराला ग्राहकवर्ग असतो, संपादकाला वाचकवर्ग असतो. ‘आम्ही वाचक’ असं आपण सहज म्हणतो, ‘आम्ही वाचकवर्ग’ असं कुणी म्हणत नाही. तसाच चाहतावर्ग हा गायकाच्या, निर्मात्याच्या, फार तर बातमीदाराच्या तोंडचा शब्द आहे. स्टेजवरून खाली पाहिलं की जो दिसतो तो चाहतावर्ग.

बरं, नुसता ‘चाहता’ घेतला तरी अडचण सुटत नाही. आपल्या शेजारच्या भाषा या बाबतीत पाहण्यासारख्या आहेत. गुजरातीत चाहक. कन्नडमध्ये अभिमानी, आपल्याकडे अभिमानी म्हटलं की ताठ मानेचा माणूस डोळ्यासमोर येतो, तिकडे तो नटावर जीव टाकणारा. बंगालीत सरळ भक्त. तमिळमध्ये रसिगर, म्हणजे आपला रसिकच, आणि त्यांच्या संघटनेला रसिगर मन्रम. तमिळनाडूतल्या या मन्रमांनी सिनेमाच्या पहिल्या खेळापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळं अंगावर घेतलेलं आहे. खुद्द इंग्रजी ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’चा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी देऊळ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. फॅनॅटिक म्हणजे देवळात ज्याच्या अंगात आलंय तो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलच्या वेड्यांना फॅन म्हणायला लागले आणि तिथून तो जगभर गेला.

चाहता, रसिक, भक्त, अभिमानी, फॅन: हे सगळे तोंड स्टेजकडे करून बसलेले आहेत. आपल्या काव्यशास्त्रातला ‘सहृदय’ इतका सुंदर शब्द, पण त्याचंही हृदय कवीच्या हृदयाशी जुळतं, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी त्याचं काही नातं सांगितलेलं नाही. तुला हवा आहे तो शेजारच्या खुर्चीकडे पाहणारा शब्द. फॅन्डममध्ये ती बाजू आहे. ‘किंग्डम’मधलाच तो ‘डम’ आहे, म्हणजे एक मुलूख; त्यात राहणारे एकमेकांचे शेजारी झालेच.

आता आईच्या ‘फोनमधल्या मुली’ या शब्दाकडे येते, कारण मला त्यात जास्त रस आहे. आपल्या भाषेत ओळखीचे प्रकार बहुतेक शरीराला धरून आहेत. तोंडओळख असते, मुखओळख असते, चेहरा ओळखीचा असतो, माणूस उठण्याबसण्यातला असतो. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्याशी असलेल्या जवळिकीला जुना शब्दच नाही. पेनफ्रेंडशिपला ‘पत्रमैत्री’ म्हणत, तो एक अपवाद. म्हणून ‘ऑनलाइन मैत्री’ असा जोडशब्द आपण चालवतो आणि त्यातला ‘ऑनलाइन’ थोडा संशय घेऊनच येतो.

पण मराठीत मैत्री झाली की नाही हे ओळखायची एक खूण आहे आणि ती फोनमध्येही तशीच चालते. ती म्हणजे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं. हिंदीत आप, तुम आणि तू अशा तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडे रोजच्या वापरात मुख्यतः दोन, त्यामुळे पाऊल मोठं टाकावं लागतं. समोरचा किती वर्षांचा आहे हे माहीत नसताना ते टाकणं आणखी कठीण. म्हणूनच मराठी ग्रुपवर नावापुढे ताई-दादा लावायची पद्धत पडली: अंतरही राहतं आणि घरोबाही होतो. तुमच्या ग्रुपमध्ये मोठ्या मुलीला ‘उन्नी’ म्हणत असणार. कोरियनमध्ये मुलीनं मोठ्या बहिणीला मारायची ती हाक, आणि तिकडेही ती रक्ताच्या नात्याबाहेर सर्रास चालते. तुझ्या लेखात हे जरूर लिही. ज्या मुली एकमेकींना ताई आणि उन्नी एकाच वाक्यात म्हणतात, त्यांच्या नात्याला ‘व्हर्च्युअल’ म्हणून बाजूला टाकता येत नाही.

माझा स्वतःचा अनुभव नाटकाचा आहे. ठाण्यातल्या नाटकवेड्यांचा आमचा एक ग्रुप आहे. गडकरी रंगायतनला कुठल्या प्रयोगाचा प्लॅन कधी उघडणार, म्हणजे तिकीटविक्री कधी सुरू होणार, घाणेकर नाट्यगृहात साउंड कसा होता, वाशीला भाव्यांच्या नाट्यगृहात रविवारी काय आहे, एवढंच बोलणं. कित्येकांना मी पाहिलेलं नव्हतं. २०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. पडद्यामागच्या माणसाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक पैसे; प्रयोग नाही तर नाइट नाही. तेव्हा ग्रुपवर एक निरोप आला तो असा: ‘मंडळी, तांदूळ पाच किलो, तूरडाळ दोन, तेलाच्या दोन पिशव्या, साखर, चहापत्ती. एका घराचा हिशेब असा बसतोय. कपडेपटातल्या दोघांची घरं कळव्याला आहेत. तिकडे कोण जाईल?’ ‘मी जातो’ असं ऐरोलीच्या एका मुलानं लिहिलं. तोवर तो फक्त प्रकाशयोजनेवर वाद घालायला यायचा. संध्याकाळी त्याचा निरोप आला: ‘पोचवलं. काका आत या म्हणत होते, पण मास्क लावून दारातूनच दिलं. त्यांना बीपीची गोळी पण हवी आहे.’ त्याला त्या दिवसापासून सगळे ‘अरे’ म्हणायला लागले. कुणी ठरवलं नव्हतं.

त्या निरोपाचा पहिला शब्द बघ. मंडळी. मराठी माणूस कुठल्याही ग्रुपवर काही जाहीर सांगायला लागला की ‘मंडळी’ म्हणूनच सुरुवात करतो. घरची मंडळी, पाहुणेमंडळी, नाटकमंडळी, भजनीमंडळ. मंडल म्हणजे वर्तुळ. वर्तुळात बसलं की तोंडं एकमेकांकडेच होतात. ‘नाटक मंडळी’ हे तर जुन्या नाटक कंपन्यांचं रीतसर नाव होतं.

या मंडळाला मित्र जोडला की झालं मित्रमंडळ. तू नेरुळहून ठाण्याला येतेस तेव्हा चौकाचौकातले फलक वाच. अमुक मित्रमंडळ, तमुक मित्रमंडळ, ‘दादा मित्रपरिवार’. हा मित्रपरिवार म्हणजे त्या दादांचे चाहतेच असतात, पण मराठीनं त्यांना चाहता हा शब्द लावला नाही, मित्र लावला. आणि त्याच फलकावर खाली रक्तदान शिबिर, वह्यावाटप, नेत्रतपासणी असतं. एखाद्यावर जीव, आपसातली दोस्ती आणि गावाचं काम ही तीन टोकं एका शब्दात बसवायची खटपट आपण शंभर-सव्वाशे वर्षं करत आलो आहोत. फलकबाजीचा कंटाळा येणं मी समजू शकते. शब्द मात्र त्या फलकांपेक्षा जुना आणि चांगला आहे.

किती जुना ते सांगते. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तसे गाणाऱ्या मुलांचे ‘मेळे’ निघाले. एकसारखा पोशाख, पाठ केलेली पदं आणि त्यांतून चालू काळावर टीका. पुण्यातल्या एका गाजलेल्या मेळ्याचं नावच ‘सन्मित्र समाज मेळा’ असं होतं. पुढे सरकारला हे मेळे खुपायला लागले आणि त्यांवर बंधनं आली. नाशिकला सावरकर बंधू आणि त्यांच्या साथीदारांनी उभ्या केलेल्या संघटनेचं नाव ‘मित्रमेळा’. १९०४ मध्ये तिची ‘अभिनव भारत’ झाली. १९२०च्या दशकात पुण्यात ब्राह्मणेतर चळवळीचा ‘छत्रपती मेळा’ निघाला, केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर त्यात पुढे होते, आणि मेळ्यामेळ्यांत पदांची जुंपली. तुमच्याकडे दोन फॅन्डमची जुंपते तेव्हा हे आठवून बघ. मेळा या शब्दात प्रेम आहे, गाणं आहे, भांडणही आहे. मुळाशी मिळणं आहे: मेळ, मेळावा, ताळमेळ सगळे त्याच घरातले. यातला ‘मेळावा’ आता पक्षांनी आणि रोजगार कचेऱ्यांनी घेतला आहे, ‘मेळा’ मात्र मोकळा आहे.

मित्र या शब्दाची मराठीतली आणखी एक कमाई सांगायला हवी, कारण ती थेट तुझ्या नेरुळातली आहे. सापावर प्रेम करणाऱ्याला आपण सर्पप्रेमी म्हणत नाही, सर्पमित्र म्हणतो. त्याला रात्री दोन वाजता फोन केला तरी तो येतो, म्हणून मित्र. तसाच पक्षिमित्र, वृक्षमित्र. प्रेमी बघतो आणि मित्र धावून येतो, इतका स्वच्छ फरक या दोन शब्दांत पडलेला आहे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात, आपले रोहित पक्षी. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. नेरुळच्या डीपीएस तलावावर हे पक्षी पाहायला आणि फोटो काढायला लोक जमत. फोटो टाकता टाकता ओळखी झाल्या. भरतीचं पाणी तलावात येईनासं झालं आणि २०२४ मध्ये पक्षी मरायला लागले, तेव्हा त्यांतलेच लोक अर्ज, तक्रारी, मानवी साखळी घेऊन उभे राहिले. २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायचं ठरवलं. पक्षिप्रेमींचे पक्षिमित्र झाले ते असे. त्या साखळीतल्या कितीतरी जणांची पहिली ओळख फोनमधलीच असणार.

म्हणून माझं उत्तर: लेखात तुमच्या समूहाचं नाव म्हणून ‘आर्मी’ तसंच ठेव. ते बीटीएसच्या चाहत्यांचं २०१३ पासूनचं विशेषनाम आहे, त्याची ‘सेना’ करू नकोस. ठाण्यात आणि नवी मुंबईत तो शब्द वाचणारा वेगळंच समजेल. फॅन्डम या सामान्यनामासाठी आतल्या माणसानं बोलताना ‘मित्रमेळा’ वापर. त्याचा नाशिकचा इतिहास आता तुला माहीत आहे, पण शब्द त्या एका संघटनेत अडकलेला नाही. तो जड वाटला तर ‘आम्हा चाहत्यांचा मेळा’. ‘चाहतावर्ग’ तिथे वापर जिथे खरंच बाहेरून मोजायचं आहे: ‘जगभर पसरलेला चाहतावर्ग’.

चळवळीबद्दल मी थोडी कडक आहे. चळवळ, आंदोलन, मोहीम, अभियान हे आपण एकाच पिशवीत घालतो, पण त्यांच्या चाली निरनिराळ्या आहेत. चळवळं मूल एका जागी बसत नाही. ती अस्वस्थता ‘चळवळी’त आहे आणि ती एका दिवसात शमत नाही. आंदोलन म्हणजे मुळात झोका, हेलकावा. मोहीम अरबीतून फारसीमार्गे आली, महत्त्वाचं काम या अर्थानं. मराठ्यांनी तिला घोड्यावर बसवलं. तिला सुरुवात असते आणि फत्तेही असते. अभियान आता सरकारी झालं आहे.

तू उदाहरण दिलंस ते २०२० च्या जूनमधलं. बीटीएस आणि त्यांच्या कंपनीनं ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीला १० लाख डॉलर दिले आणि चाहत्यांनी तेवढीच रक्कम साधारण एका दिवसात उभी केली. हे चळवळीला दिलेलं बळ होतं. चळवळ त्या रस्त्यावर उतरलेल्या माणसांची. चाहत्यांनी केलं त्याला ‘मोहीम’ म्हण. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तुम्ही इथल्या मुलींनी निधी गोळा केलात, त्याला तर आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे: मदतफेरी. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ठाण्यात नौपाड्यातल्या गल्ल्यांतून मदतफेऱ्या निघाल्या होत्या. चौघं जण चादरीची चार टोकं धरून चालायचे आणि गॅलरीतून लोक नोटा, साड्या, स्वेटर टाकायचे. कोण टाकतंय हे चादर धरणाऱ्यांना वर मान केल्याशिवाय दिसत नसे. ‘आम्ही ऑनलाइन मदतफेरी काढली’ हे वाक्य तुझ्या आईलाही एका दमात कळेल.

राहिला एक बारीक मुद्दा. लेखात कुठे ‘फॅन्डम’ हाच शब्द ठेवलास तर त्याचं लिंग सांभाळ. मुलं ‘ती फॅन्डम’ म्हणताना मी ऐकते, बहुधा आर्मी स्त्रीलिंगी चालते म्हणून. मला ‘ते फॅन्डम’ बरं वाटतं, ‘ते मंडळ’सारखं. आणि ‘फॅन’चं अनेकवचन मराठीत ‘फॅन्स’ करायची गरज नाही: एक फॅन, दहा फॅन. अंक छापून आला की लेख इथे टाक, आईची प्रतिक्रियाही कळव.