रीलसाठी पैसे मोजावेत का?

प्रश्न : आमचं रविवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आधी लग्नसराईत आणि दिवाळीला पेपरात जाहिरात दिली की भागायचं. आता मुलगा म्हणतो इन्स्टाग्रामवरच्या एका मुलीला पैसे देऊन रील करून घेऊ. शिवाय एक जण गूगलवर फाइव्ह स्टार रिव्ह्यू आणून देतो म्हणून पॅकेज सांगून गेलाय. काय करावं?
– एक दुकानदार, रविवार पेठ

उत्तर : काका, त्या रिव्ह्यूवाल्याला आधी सरळ नाही म्हणा. विकतचे रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत, सापडले की उडवतात. आणि गिऱ्हाईक काही दूधखुळं नाही, एका आठवड्यात वीस जणांनी "नाइस शॉप" लिहिलं की त्याला बरोबर वास येतो.

मुलाचं म्हणणं मात्र चूक नाहीये. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, लगेच जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणले आणि आता लोक वस्तू आधी फोनवर बघतात, मग गाडी काढून पेठेत येतात. फक्त पैसे दिलेत तर ही जाहिरात आहे हे रीलमध्ये स्पष्ट दिसायला हवं, केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचनाच काढल्यात, फुकट दिलेलं भांडंसुद्धा त्यात धरतात.

पण मला विचाराल तर पहिलं रील कल्हईचं करा, आणि घरच्या घरी, मुलाच्या मोबाइलवर. पातेलं तापलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला आणि कथिल लावून कापसाचा बोळा फिरवला की काळं पडलेलं भांडं आतून लख्ख, हे बघताना कोणी पुढे स्क्रोल करत नाही हो! वर तुम्ही तुमच्या आवाजात सांगा की बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेची आमटी का कळकते. नव्याने संसार मांडलेल्यांना हे सांगणारं घरात कोणी नसतं आणि गल्ल्यावर तुम्हाला रोज हेच विचारतात ना, मग ती प्रत्येक शंका म्हणजे एक रील. तेच बोललेलं खाली चार ओळीत लिहूनही टाका, शोधणाऱ्याला सापडतं.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाका. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवायचा मेसेज मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून बिल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा. गूगलवर कोणी रागाने लिहिलं तर शांतपणे उत्तर द्या, भांडं घेऊन या, बघतो म्हणा, ते उत्तर बाकीचे सगळे वाचतात.

एवढं करूनही दिवाळीआधी त्या मुलीला पैसे द्यावेसे वाटले तर द्या, पण आधी तिच्याकडून इनसाइट्सचा, म्हणजे तिच्या अकाउंटच्या आकडेवारीचा स्क्रीनशॉट मागा, बघणारे कुठल्या शहरातले आहेत ते त्यात दिसतं. तुम्ही कुरिअर करत नसाल आणि तिचे निम्मे लोक दिल्लीचे निघाले तर ते पैसे वाचवा.