पांढऱ्या पाटीच्या ट्रॅव्हलरला ‘अवजड वाहन’ म्हणून पार्किंगचं चलान आलंय. भरावं की तक्रार करावी?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलर १३ आसनी आहे, घरच्या वापराची, पांढऱ्या पाटीची. पुण्यात लग्नाला गेलात, गाडी कडेला लावली, तिथे ‘जड-अवजड वाहनांना पार्किंग मनाई’चा फलक होता. मागेपुढे कार उभ्या होत्या, त्यांना काही नाही आणि ५०० रुपयांचं चलान तुम्हालाच आलं. घरचे म्हणतात, भरून मोकळे व्हा.

माझं मत विचाराल तर भरू नका, आधी तक्रार टाका. चलान भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची. पैसे भरले की प्रकरण मिटतं, मग दाद मागायला काही उरत नाही. शिवाय महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडलात तर १,५०० रुपये असा दर आहे. न केलेला गुन्हा आज मान्य केलात तर पुढच्या वेळी तो तुमच्या नावावर ‘पहिला’ म्हणून मोजला जाईल.

आता मुख्य मुद्दा. गाडी अवजड आहे की हलकी, हे ती दिसायला केवढी आहे यावर ठरत नाही, वजनावर ठरतं. तुमची आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, काढून वाहनाचा वर्ग बघा. बहुतेक ‘ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)’ असं असेल. कायद्यात चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या गाडीला ओम्नीबस म्हणतात. त्यातला ‘बस’ हा शब्द बघून, किंवा नुसतं लांबलचक गाडी बघून, चलान करणारा पुढचा विचार करत नाही. पण त्याच कायद्याचं कलम २(२१) काय सांगतं? ज्या ओम्नीबसचं एकूण वजन, म्हणजे माणसं-सामानासकटचं कमाल वजन, ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही, ती हलकं मोटार वाहन. प्रवासी गाडी ‘अवजड’ व्हायला कलम २(१७) प्रमाणे १२,००० किलोच्या वर वजन लागतं. १३ आसनी ट्रॅव्हलर ७,५०० च्या जवळपासही जात नाही. आरसीवर एकूण वजन नसेल तर गाडी घेताना शोरूमनं दिलेल्या विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, ते असतं.

आमच्याकडेही एकत्र कुटुंबाची अशीच गाडी आहे, कुलदैवताला जायला घेतलेली. एका शहरात आम्हाला असंच चलान आलं होतं. त्यातला फोटो मोठा करून पाहिला तर गाडीची मागची काच आणि नंबर प्लेट एवढंच. फलक नाही, फुटपाथ नाही, शेजारच्या गाड्या नाहीत. त्याच जागी जाऊन चार पावलं मागून फोटो काढला, त्यात फलकावरची अक्षरं आणि रांगेत उभ्या कार दोन्ही आले. तो फोटो, आरसी आणि वजनाचा कागद ऑनलाइन तक्रारीला जोडला. तेवढ्यावर थांबलो नाही, वाहतूक शाखेत जाऊन छापील प्रतही दिली आणि पोच घेतली. चलान रद्द झालं. म्हणून सांगतो, लांबलचक गाऱ्हाणं लिहू नका. सुट्टीचा दिवस होता, सोबत म्हातारी माणसं होती, हे वाचून कोणी चलान रद्द करत नाही. एवढं पुरतं:

‘चलान क्रमांक अमुक. वाहनाचा वर्ग ओम्नी बस (खासगी वापर), एकूण वजन अमुक किलो, म्हणजे कलम २(२१) नुसार हलकं मोटार वाहन. सदर जागेवरील फलकानुसार मनाई जड व अवजड वाहनांना आहे. जागेचा फोटो, आरसी व फॉर्म २१ सोबत जोडले आहेत. तरी चलान रद्द करण्यात यावं.’

तक्रार महाट्रॅफिक ई-चलानच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येते. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान फोटोसकट दिसतं. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र जाऊ नका. आरटीओ चलानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवून लोकांची बँक खाती साफ करणारे हल्ली फार झालेत. संकेतस्थळ स्वतः उघडा. तिथे चलान दिसलं तरच ते खरं.

तक्रार टाकण्याआधी चलानावर नेमका कोणता गुन्हा लिहिलाय, तेही वाचा. ‘नो पार्किंग’ लिहिलं असेल आणि जागा चौकाजवळची असेल तर वजनाचा मुद्दा कामाला येणार नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांप्रमाणे चौकापासून ५० मीटरच्या आत, झेब्रा क्रॉसिंगवर, फुटपाथवर, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारात गाडी लावायलाच मनाई आहे, फलक असो वा नसो. तसंच गाडीची शेपटी पांढऱ्या पट्ट्याबाहेर रस्त्यावर आली असेल आणि फोटोत ते दिसत असेल, तर ५०० रुपये भरून टाका. ट्रॅव्हलर कारच्या खणात मावत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्यामुळे रस्त्याच्या मधून जावं लागतं. तिथे आपली बाजू खरी नाही.

तक्रार फेटाळली आणि कारण नुसतं ‘चलान योग्य आहे’ असं आलं, तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं एकच: त्या रस्त्यावरच्या पार्किंग मनाईच्या अधिसूचनेची प्रत. फलक हा त्या अधिसूचनेचा सारांश असतो, खरा मजकूर तिच्यात असतो. त्यात नुसतं ‘जड-अवजड वाहने’ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘सर्व प्रकारच्या बसेस’ असं असेल तर अवघड होईल, कारण तुमच्या आरसीवर बस हा शब्द आहेच.

त्यानंतर प्रकरण न्यायालयात जातं. व्हर्च्युअल कोर्टाची, म्हणजे ऑनलाइन न्यायालयाची, नोटीस आली तर तिथे दंड भरणं आणि खटला लढवणं असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जातं आणि तुम्हाला किंवा वकिलाला हजर राहावं लागतं. ५०० रुपयांसाठी एवढं करायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. तुमची गाडी त्या भागात नेहमी लागणार असेल तर मी करेन, कारण हाच फलक तुम्हाला पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर एवढं लक्षात ठेवा की तिथे तडजोड होते, चूक कोणाची याचा निवाडा होत नाही, आणि एकदा तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही.

चलानावर आणि नोटिशीवर मुदत दिलेली असते, ती आजच बघून ठेवा. आणि जागेचा फोटो या आठवड्यातच काढून आणा, पुण्यात कोणी ओळखीचं असेल तर त्यांना सांगा. फलक बदलतात, फ्लेक्सखाली झाकले जातात, आणि मग त्या दिवशी तिथे काय लिहिलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीच राहत नाही.