घ्राणग्राहीची अँटीबॉडी वापरण्याआधी

बाटलीवर घ्राणग्राहीचं (नाकातल्या पेशींवरचं, वास ओळखणारं प्रथिन) नाव छापलंय म्हणून ती अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) नेमकं त्यालाच चिकटेल, असं धरून चालू नकोस. माणसात जवळपास ४०० कार्यक्षम घ्राणग्राही जीन्स आहेत आणि कित्येकांच्या प्रथिनांची रचना जुळ्या भावंडांसारखी. म्हणून आधी माहितीपत्रकात इम्युनोजेन, म्हणजे जो वापरून अँटीबॉडी बनवली तो प्रथिनाचा तुकडा, कोणता आहे ते बघ. त्या तुकड्याचा अमिनो आम्लांचा क्रम ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधणारं साधन) टाक, किती नातेवाईक निघतात ते कळेल. क्रम दिलेलाच नसेल तर मी तरी ती अँटीबॉडी घेणार नाही.

खरी परीक्षा पेशींवर. एचईके२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये टॅग (ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा) लावलेला ग्राही व्यक्त कर, म्हणजे पेशींकडून बनवून घे; शेजारी रिकामं प्लाझ्मिड (ग्राहीचं जीन नसलेलं डीएनएचं वर्तुळ) दिलेल्या पेशी ठेव. टॅगची अँटीबॉडी आणि तुझी अँटीबॉडी त्याच पेशींत उजळायला हवी. रचनेने जवळच्या एकदोन ग्राहींवरही तपास. हे बहुतेक जण टाळतात. ग्राही पेशीच्या आतच अडकून बसला तर आरटीपी१एस हे ग्राहीला पृष्ठभागावर न्यायला मदत करणारं प्रथिन सोबत दे, पृष्ठभागावर येण्याची शक्यता वाढते.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) नमुना उकळू नकोस. पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाणारी ही प्रथिनं गरम केली की गोळा होऊन जेलच्या वरच्या टोकालाच अडकतात. ३७ अंशांवर ठेवलेलं बरं. पट्टी साधारण ३५ किलोडाल्टनजवळ शोध, पण ग्लायकोसिलेशन (प्रथिनाला साखरेच्या साखळ्या जोडल्या जाणं) आणि डायमर (दोन प्रथिनांची जोडी) यांमुळे ती वर सरकते.

नाकाच्या ऊतीत मात्र उलटा संशय घे: वास ओळखणारा एक न्यूरॉन (चेतापेशी) साधारणपणे एकच ग्राही व्यक्त करतो, त्यामुळे सगळा थर चमकला तर अँटीबॉडी बाजूला ठेव.