टोपीवरचा बिल्ला पारखताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जालन्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या लष्करी बिल्ल्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळाली. मागची बाजू न मागता पाठवलीस, हे फार बरे केलेस.

धातूचा रंग आणि झीज पाहण्याआधी बिल्ल्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. तुझ्या बिल्ल्यावर एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटचे नाव आहे. हे नाव १९२२ च्या सैन्याच्या पुनर्रचनेत आले आणि १९४५ मध्ये तिची कुमाऊँ रेजिमेंट झाली तेव्हा संपले. या सर्व काळात ब्रिटनच्या गादीवर राजेच होते, राणी नव्हती. त्यामुळे तेव्हाच्या बिल्ल्यावर मुकुट असलाच, तर त्याच्या कमानी घुमटासारख्या गोल चढलेल्या हव्यात. तुझ्या बिल्ल्यावरच्या कमानी मात्र मधोमध दबलेल्या, म्हणजे राणीच्या मुकुटासारख्या दिसतात. हा मुकुट व्हिक्टोरिया राणीचा म्हणावा, तर तिची कारकीर्द १९०१ मध्येच संपली. एलिझाबेथ राणीचा म्हणावा, तर तो १९५३ पासूनचा, आणि तोवर भारत प्रजासत्ताक होऊन आपल्या सैन्याने मुकुट उतरवून अशोकस्तंभाचे सिंह स्वीकारले होते. तेव्हा बिल्ला कितीही काळवंडलेला असो, तो नक्कलच आहे.

हीच कसोटी हैदराबाद काँटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या, वस्तूंनाही लाव. जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे या फौजेच्या छावण्या होत्या, म्हणून आपल्याकडे तिच्या नावाने बरेच काही विकले जाते. परंतु १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली. काँटिंजंटचे नाव आणि राजाचा मुकुट एकाच बिल्ल्यावर दिसले, तर तो जेमतेम दोन वर्षांच्या काळातलाच असू शकतो, आणि विक्रेत्याकडे असे डझनभर बिल्ले असतील तर मुकाट्याने पुढे जावे.

घडणीबाबत एक सावधगिरी. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीची खोलगट उलटी छाप उमटते आणि कडा धारदार असतात. ओतीव बिल्ला जाड असतो, त्याच्यावर बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरे बोथट होतात. विलायती बिल्ल्यांच्या बाबतीत ओतीव म्हणजे बहुधा बनावट, असे धरून चालता येते. आपल्याकडच्या पलटणींचे बिल्ले मात्र अनेकदा छावणीच्या बाजारातल्या कारागिरांनी ओतून दिलेले असत, त्यामुळे केवळ ओतीव आहे म्हणून अस्सल वस्तू फेकून देण्याचा धोका इथे अधिक आहे. अशा वेळी बिल्ला टोपीला अडकवण्यासाठी मागे असलेल्या कड्यांपाशी भिंग लाव. कड्या जोडणारा डाख जुना असेल तर त्याचा रंग भोवतालच्या पितळेसारखाच मंदावलेला असतो. मागची पाठ काळी आणि डाख तेवढा चकचकीत असेल, तर कड्या नंतर बसवल्या आहेत. अर्थात, तुटलेली कडी त्या काळीही दुरुस्त होतच असे, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये.

चिंच, राख किंवा पॉलिश यांपैकी काहीही लावू नकोस. घरात पितळ घासायची सवय असते, हे मला ठाऊक आहे. पण वरचा थर गेला की हा पुरावाही जातो.

शेवटी, अशा वस्तू परदेशी ग्राहकाला विकण्याविषयी विचारले आहेस. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. भाव कितीही चांगला असला, तरी वस्तूचे वय निश्चित होईपर्यंत त्याला होकार कळवू नकोस.

तुझा हितचिंतक