बारावे स्थान, चार प्रशिक्षक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात इंग्लंडमधील चेल्सी या फुटबॉल क्लबच्या, प्रीमियर लीग या वीस संघांच्या स्पर्धेतील, २०२२-२३ च्या हंगामाचा आम्ही एकाच वाक्यात उल्लेख केला होता : ‘कोट्यवधी पौंड ओतूनही संघ बारावा आला.’ या वाक्यावर विदर्भातील खेड्यापाड्यांतून अनपेक्षित संख्येने पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून या वेळचा स्तंभ केवळ याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले चेल्सीचे निळे सदरे घालून मैदानावर येतात. चांगली साधने आणि मेहनत असली की यश मिळते, असे मी त्यांना सांगत आलो आहे. मग एवढा पैसा, एवढे नामवंत खेळाडू आणि एकापाठोपाठ एक प्रशिक्षक असूनही हा संघ बारावा कसा राहिला, हे त्यांना कसे समजावून सांगावे?
– शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर : गुरुजी, आधी त्या हंगामाचा हिशेब फळ्यावर मांडावा. सामने ३८, विजय ११, बरोबरी ११, पराभव १६, गुण ४४ (विजयाचे तीन, बरोबरीचा एक). केलेले गोल ३८, म्हणजे सामन्याला बरोबर एक; खाल्लेले गोल ४७. लीगमध्ये संघातर्फे सर्वाधिक गोल काय हॅवर्ट्झचे, आणि तेही केवळ सात. १९९३-९४ मध्ये हा संघ चौदावा आला होता. त्यानंतर इतक्या खाली तो कधी घसरला नव्हता.

त्याखाली प्रशिक्षकवार दुसरा हिशेब लिहावा, तो अधिक बोलका आहे. थॉमस टुखेल यांच्या हाताखाली लीगचे सहा सामने झाले आणि १० गुण मिळाले. ग्रॅहम पॉटर यांच्या २२ सामन्यांत २८ गुण आले. ब्रुनो साल्टोर यांनी एकच सामना सांभाळला, लिव्हरपूलविरुद्धची गोलशून्य बरोबरी, त्याचा एक गुण. फ्रँक लॅम्पार्ड यांच्या नऊ सामन्यांत पाच गुण मिळाले. म्हणजे ज्यांना सर्वांत आधी काढले त्यांचीच सरासरी सर्वांत चांगली होती, आणि बदलागणिक ती खालावत गेली. टुखेल यांना ७ सप्टेंबर २०२२ रोजी निरोप मिळाला तेव्हा संघ सहावा होता. २ एप्रिल २०२३ रोजी पॉटर गेले तेव्हा अकरावा, आणि शेवटी बारावा.

परंतु एवढ्यावरून ‘टुखेल यांना काढले म्हणून सारे बिघडले’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. बिघाड त्याआधी आणि त्यांच्या वरच्या पातळीवर सुरू झाला होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, १० मार्च २०२२ रोजी ब्रिटिश सरकारने क्लबचे मालक रोमन अब्रामोविच यांच्यावर निर्बंध घातले आणि क्लबला नवे करार करता येईनासे झाले. अँटोनियो रुडिगर आणि आंद्रेयास क्रिस्टेन्सन हे बचावफळीतील दोन आधारस्तंभ करार संपताच एक पैसाही न मिळता निघून गेले. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी उद्योजक टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांच्या गटाने २५० कोटी पौंडांना क्लब विकत घेतला व आणखी १७५ कोटी पौंड गुंतवण्याचे वचन दिले. त्यानंतर काही आठवड्यांतच, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मरिना ग्रानोव्स्काया आणि तांत्रिक सल्लागार पेत्र चेक हे दोघेही बाहेर पडले, आणि बोली यांनी क्रीडा संचालकाचे काम तात्पुरते स्वतःकडेच घेतले. ज्या घरात कर्ता आणि कारभारी एकाच महिन्यात बदलतात, तेथे कोठीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे कळायलाच काही काळ जातो. येथे तो काळ नेमका खरेदीचा होता.

उन्हाळ्यात स्टर्लिंग, कुलिबाली, कुकुरेया आणि फोफाना आले. जानेवारीत एन्झो फर्नांडेझ, मुद्रिक, बादियाशील, मादुएके आणि आणखी काही जण आले. दोन खरेदीकाळांतील खर्च ६० कोटी पौंडांच्या आसपास गेल्याचे सर्वत्र छापून आले. बचावपटू, मध्यरक्षक आणि बाजूने धावणारे आक्रमक गोळा झाले. मात्र गोलासमोर उभा राहून चेंडू जाळ्यात ढकलणारा भरवशाचा खेळाडू आला नाही. ऑगस्टपासून एन्गोलो कान्टे मांडीच्या दुखापतीने बाहेर होते. ऑक्टोबरमध्ये मिलानविरुद्धच्या दोन सामन्यांत फोफाना आणि रीस जेम्स यांचे गुडघे दुखावले. संघात तिसाहून अधिक खेळाडू, मैदानावर उतरणारे अकरा, आणि दर आठवड्याला ते अकरा वेगळे, अशी स्थिती होती. तुमच्या मुलांना साधने आणि मेहनत यांच्या जोडीला तिसरी गोष्ट सांगावी लागेल : कोणाला कोणाशेजारी खेळवायचे हे ठरलेले असावे लागते, आणि ते ठरवणारा माणूस चार महिने तरी तोच असावा लागतो.

एक गोष्ट जाता जाता. बारावे म्हणजे अगदी मध्य, असे क्रमांकावरून वाटते. गुणांवरून मात्र तसे दिसत नाही. चौथ्या आलेल्या न्यूकॅसलचे ७१ गुण होते आणि अठरावे येऊन खालच्या श्रेणीत गेलेल्या लेस्टरचे ३४. चेल्सी वरच्या चौघांपासून २७ गुण दूर होता आणि बुडणाऱ्यांपासून अवघे दहा.

प्रश्न : आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. पऱ्हाटी ऐन बोंडावर असताना मालकाने सालदार बदलला, तर नव्या माणसाला धुरे समजेपर्यंतच वेचणी येते. फुटबॉलमध्ये मात्र संघ हरू लागला की आधी प्रशिक्षकच काढतात. त्याने खरोखर काही साधते काय?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कधी साधते, कधी नाही, आणि त्याच हंगामात दोन्हीची उदाहरणे सापडतात. ॲस्टन व्हिलाने ऑक्टोबरमध्ये स्टीव्हन जेरार्ड यांना काढले तेव्हा तो संघ सतरावा होता. उनाई एमेरी यांनी जवळपास त्याच खेळाडूंना घेऊन त्याला ६१ गुणांसह सातव्या स्थानी नेले. दुसरीकडे, तळाच्या लेस्टर, लीड्स आणि साउथहॅम्प्टन या तिन्ही क्लबांनी प्रशिक्षक बदलले. लीड्स आणि साउथहॅम्प्टन यांनी तर एकाहून अधिक वेळा बदलले, आणि तिघेही खालच्या श्रेणीत गेले.

सर्वांत मासलेवाईक उदाहरण ब्रायटनचे आहे. पॉटर मूळचे त्यांचे प्रशिक्षक. चेल्सीने सप्टेंबरात ते सहायकांसह उचलून नेले. त्याच्या महिनाभर आधी कुकुरेयाही तेथूनच आणला होता. ब्रायटनने रॉबेर्टो डी झर्बी यांना नेमले, चेल्सीला हंगामात दोन्ही वेळा हरवले (त्यांतला ऑक्टोबरमधला निकाल ४-१), आणि ६२ गुणांसह सहावे स्थान मिळवून इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेची पात्रता गाठली. तुमच्याच भाषेत सांगायचे तर, सालदार शेजाऱ्याने पळवला, तरी वावर कसे वाहायचे, बियाणे कोणते घ्यायचे आणि पुढचा माणूस कोण, याची वही मालकाच्या घरात होती. चेल्सीने माणूस नेला; वही नेता आली नाही.

पॉटर यांच्यावर मी फार टीका करणार नाही. त्यांचे पहिले नऊ सामने अपराजित गेले होते. नंतर दुखापती, नोव्हेंबर-डिसेंबरमधील विश्वचषकामुळे पडलेला मोठा खंड आणि जानेवारीतील नव्या खेळाडूंचा लोंढा यांच्यामध्ये ते सापडले. त्यांना पाच वर्षांचा करार दिला होता आणि सात महिन्यांत घरी पाठवले. सर्व स्पर्धांतील त्यांचे सामने ३१, विजय १२.

प्रश्न : आठ-साडेआठ वर्षांचे करार खेळाडूंना का दिले गेले? आमच्या महाविद्यालयात यावर वाद झाला.
– वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी, वरूड, जि. अमरावती

उत्तर : कारण हिशेबाच्या वहीत आहे. क्लब खेळाडूची किंमत एकाच वर्षाच्या खर्चात दाखवत नाही. कराराच्या वर्षांत तिची समान विभागणी करतो. एन्झो फर्नांडेझ याची किंमत १० कोटी ६८ लाख पौंड होती, त्या वेळचा ब्रिटिश विक्रम. साडेआठ वर्षांच्या कराराने दरवर्षीचा बोजा सुमारे १ कोटी २६ लाख होतो. पाच वर्षांचा करार असता तर तो सुमारे २ कोटी १४ लाख झाला असता. तोट्याच्या मर्यादेचे नियम वर्षावर्षाच्या आकड्यांवर चालत असल्याने हा फरक मोठा ठरतो. ही पळवाट युरोपीय फुटबॉल महासंघाने २०२३ च्या उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षी डिसेंबरात बुजवली : करार कितीही वर्षांचा असो, विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची.

तुम्ही वरूडचे आहात, म्हणून इतकेच जोडतो की हिशेब बरोबर असूनही मोसम चुकू शकतो. संत्र्याची कलमे लावली म्हणून त्याच वर्षी मृग बहार हाती येत नाही. विशी-बाविशीतील खेळाडूंची बाग जानेवारीत लावून मे महिन्यात फळांच्या पेट्या मोजायला बसणे, हा त्या हंगामातील खरा दोष मला दिसतो. बाग लावणे चुकले नव्हते, असे माझे मत आहे. ते वाद घालण्याजोगे आहे, हे मान्य.

प्रश्न : त्या वर्षी जानेवारीत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याचे ओलित चालू असताना मी धुऱ्यावर बसून मोबाइलवर फुलहॅमविरुद्धचा सामना पाहिला. नवा आलेला जोआओ फेलिक्स लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुढे चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेत तो खेळला, पण चांगला खेळणारा बादियाशील मात्र तेथे दिसला नाही, हे कसे?
– एक वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : तो सामना १२ जानेवारीचा, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू झालेला, फेलिक्सचा चेल्सीकडून तो पहिलाच सामना होता आणि संघ २-१ असा हरला. लाल कार्डाची तीन सामन्यांची बंदी इंग्लंडमधील स्पर्धांपुरती होती. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीसाठी मात्र प्रत्येक क्लबला फक्त तीन नवी नावे नोंदवता येत होती. चेल्सीने एन्झो, मुद्रिक आणि फेलिक्स यांची नावे दिली. बादियाशील राहिला, आणि जागा करण्यासाठी आक्रमक ऑबामेयांगचे नाव यादीतून काढावे लागले. खेळाडू घेताना तीनच नोंदवता येतील हे ठाऊक असूनही त्याहून कितीतरी अधिक घेतले, यावरून खरेदीचा वेग आणि विचाराचा वेग यांतील अंतर दिसते. त्या स्पर्धेत संघाने डॉर्टमुंडला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिदकडून दोन्ही सामने २-० असे गमावले.

त्या दोन पराभवांच्या वेळी प्रशिक्षक होते लॅम्पार्ड. त्यांचा किस्सा विचारलेला नसला तरी सांगावासा वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सीने त्यांना काढून टुखेल यांना आणले होते; जानेवारी २०२३ मध्ये एव्हर्टननेही त्यांना काढले; आणि एप्रिलमध्ये चेल्सीने त्यांनाच हंगाम संपेपर्यंत परत बोलावले. पहिले सहा सामने ते सलग हरले. ११ सामन्यांत एकच विजय, बोर्नमथविरुद्धचा.

प्रश्न : मी मुलींना फुटबॉल शिकवते. चेल्सीच्या महिला संघाचे त्या वर्षी काय झाले, याविषयी कोणीच लिहीत नाही.
– एक शिक्षिका, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, हा प्रश्न खरे तर आम्हीच आधी विचारायला हवा होता. त्याच क्लबचा, त्याच मालकांचा आणि त्याच निळ्या सदऱ्याचा महिला संघ त्या हंगामात लीगविजेता ठरला, सलग चौथ्यांदा. त्यांचे ५८ गुण होते आणि दुसऱ्या आलेल्या मँचेस्टर युनायटेडचे ५६. १४ मे २०२३ रोजी वेम्बलीच्या मैदानावर ७७,३९० प्रेक्षकांसमोर सॅम कर हिच्या एकमेव गोलाने त्यांनी एफए चषक ही इंग्लंडमधील बाद पद्धतीची स्पर्धाही युनायटेडला हरवूनच जिंकली.

त्यांच्या प्रशिक्षक एमा हेज २०१२ पासून त्या पदावर होत्या. तेव्हापासून २०२३ पर्यंत पुरुष संघाच्या बाकावर डी मॅटेओ, बेनितेझ, मोरिन्यो, हिडिंक, कॉन्टे, सारी, लॅम्पार्ड, टुखेल, पॉटर आणि पुन्हा लॅम्पार्ड बसून गेले, एका सामन्याचे साल्टोर वेगळेच. हेज यांचा पहिला संपूर्ण हंगाम २०१३ चा होता. आठ संघांच्या लीगमध्ये त्यांचा संघ त्या वर्षी सातवा आला, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक त्याच होत्या.