घरी बनवलेला ऑइल कॅच कॅन लावू का?

प्रश्न : भाऊ, माही डिझेल गाडी 1 लाख 40 हजार किलोमीटर चालली, टर्बोच्या पाइपात तेल दिसते. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून स्टीलच्या डब्याले दोन नळ्या लावून कॅच कॅन (इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं तेल अडवणारा डबा) बनवला, आत भांडे घासाची तारेची घासणी भरली. लावू का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डबा चालंल भाऊ, पण ती घासणी आधी काढा, आजच काढा. तिच्या तारा तुटतात अन् एक तुकडा जरी ओढल्या गेला तर थेट टर्बोच्या पंख्यात जाते. त्यापेक्षा आत आडवी पत्र्याची पट्टी वेल्ड करा, वाफ तिच्यावर आदळते, गार होते, तेल खाली बसते. वेल्डिंगचे कण डिझेलनं नीट धुवा.

नळी ऑइलवाली रबरीच घ्या, आतून मूळ ब्रीदर पाइपाएवढीच (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पाइप) रुंद. कूलरची नळी गरम तेलानं नरम पडून चपटी होते, वाट बंद झाली की इंजिनात प्रेशर वाढून ऑइल सील गळायला लागतात. डब्यातून निघणाऱ्या नळीचं टोक एअर फिल्टर अन् टर्बोच्या मधातच जोडा, उघडं सोडू नका, वाफ केबिनमधी येते.

पाइपात तेलाचा पातळ थर असतेच, त्यानं घाबरू नका. पण इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा, भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा तपासा, तिथं डबा काही कामाचा नाही. अन् थंडीत डब्यात पांढरट लोण्यासारखं निघालं तर बहुतेक पाण्याची वाफच असते, तरी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी तर नाही होत हे पाहा.